उलट्या वेढ्यांची माशी

कोंबडीच्या दुकानात जाऊन कोंबडी न घेता नुसती कोंबड्याच्या मानेची पिसं मागणाऱ्या माणसाकडे लोक कसं पाहतात, ते मला साठीनंतर कळलं. अमरावतीत आमच्या घराजवळचा दुकानदार मला आधी जादूटोण्यातला समजला. ब्रॉयलरची पिसं मला चालत नव्हती, ती पाण्यात पडली की भिजलेल्या कापसासारखी गोळा होतात. मला गावरानी कोंबडा हवा होता, तोही जुना, तांबूस मानेचा.

"साहेब, कशाले पाह्यजे?"

"माश्या बांधायले."

त्यानं हातातला सुरा ठोकळ्यावर ठेवला आणि मला नीट न्याहाळलं. मग मी त्याला समजावून सांगितलं. गळावर रेशमी दोऱ्यानं पिसं आणि केस गुंडाळून खोटा किडा करायचा. त्यालाच माशी म्हणतात. ती लांब दोरीनं पाण्यावर हलकेच टाकायची. माशाला खरी वाटली तर तो तोंड मारतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गांडुळानं होत नाही का?"

होतं. गांडुळानं जास्त चांगलं होतं. पण मी कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर माझ्याकडे वेळ सोडून काहीच उरलं नव्हतं. त्यात परदेशातल्या मुलीनं जावयाचा जुना फिशिंग रॉड पाठवला, सोबत सहा माश्या. त्यातल्या चार पहिल्या दोन खेपांतच तळ्याकाठच्या बाभळींनी खाल्ल्या. तेव्हा ठरवलं, आपणच बांधायच्या.

बांधायला गळ घट्ट धरून ठेवणारा बारीक शेगडा लागतो. असलं नाजूक हत्यार करून देणारा एकच माणूस मला माहीत होता. अकोल्याचा घड्याळजी.

नोकरीची पहिली अठरा वर्षं मी अकोल्यात काढली होती. बाजारात एका कपड्याच्या दुकानाच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, काचेची पेटी लावलेलं एक टेबल आणि एक स्टूल. माझं घड्याळ दुरुस्तीला गेलं आणि आमची ओळख झाली. बदली झाल्यावरही ती तुटली नाही. मी त्यांना भाई म्हणायचो, ते मला मास्तर. वयानं ते माझ्याहून चार वर्षांनी मोठे. डावखुरे होते. डाव्या डोळ्याला आयग्लास, म्हणजे घड्याळजीचं भिंग, लावून, डाव्या हातात चिमटा धरून ते काम करत, तेव्हा समोरचा माणूस आपोआप हळू बोलायचा.

मी शेगडा कसा हवा ते सांगितलं. त्यांनी माझ्या हातातली माशी घेतली, आयग्लासखाली धरली आणि चहूबाजूंनी फिरवून पाहिली.

"हे कोनं बनवलं?"

"विकत मिळते, भाई. मशीननं नाही, हातानंच बांधतात."

"हातानं तं हाय. पण मन नाई लावलं त्यानं. पाहा, इथं दोऱ्यावर दोरा चढला." त्यांनी आयग्लास काढला. "दोन शेगडे करतो. एक तुमाले, एक मले."

पुढच्या गुरुवारी गेलो तर दोन्ही तयार होते. आणि त्यांच्या शेगड्यात अर्धी माशी बांधून झालेली होती. त्यांनी व्हिडिओ पाहिला नव्हता, पुस्तक तर नाहीच. माझीच माशी पातं लावून उकलली होती, एकेक वेढा मोजत, आणि उलट क्रमानं पुन्हा बांधायला घेतली होती.

तेव्हापासून गुरुवार आमचा झाला. मी सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडायचो. ते गुरुवारी दुकान बंद ठेवायचे, आम्ही त्यांच्या घरी बसायचो. तसंही दुकानात येतं कोण? वेळ पाहायला लोक खिशातून फोन काढतात. जुन्या घड्याळांचे सेल बदलणं आणि पट्टे लावणं एवढंच काम उरलं होतं, त्याचं त्यांना वाईट वाटायचं, पण ते बोलून दाखवत नसत. माश्या मिळाल्यावर त्यांचा चेहरा बदलला. बंद पडलेल्या क्वार्ट्झ घड्याळातल्या कॉइलची केसाहून बारीक तांब्याची तार ते माशीच्या पोटावर गुंडाळत, म्हणजे ती उन्हात किंचित चमके. खाटकाकडून बोकडाचे केस आणले. भाभींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, नेलपॉलिश शेवटच्या गाठीवर लावायला घेतली. भाभी दारातून म्हणायच्या, "पासष्ट वरसाचा मानूस नेलपॉलिश लावून राहिला, कोनाले सांगू मी?"

आणि माझ्या माश्या? "मास्तर, माशीले कंबर असते," ते म्हणायचे. "तुमची माशी पाहा, गव्हाचं पोतं ठेवल्यावानी दिसते." मी शिकलो हळूहळू. त्यांनी शिकवलं.

त्यांच्या बोटांत एक गोष्ट होती, ती मला कधीच जमली नाही. दोरा तुटेल तुटेल इतका ताणायचा आणि तोडायचा नाही. मी दर माशीला दोनदा दोरा तोडायचो.

शहराबाहेर एक पाझर तलाव होता. रिक्षानं जायचो. मासे फारसे लागायचे नाहीत. बोटाएवढे चंदेरी मासे, कधी एखादी चिलापी. ते सगळे आम्ही परत सोडून द्यायचो, बंधाऱ्यावर गुरं चारणारी माणसं हसायची. त्याचं आम्हाला काही नव्हतं.

तीन वर्षं अशी गेली. माझ्या आयुष्यातली ती चांगली वर्षं होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग एका गुरुवारी त्यांचा डावा अंगठा टेबलावर आपला आपण हलताना दिसला. माशीच्या पोटावर पीस गुंडाळताना हात ठीक होता. काम थांबलं, हात टेबलावर टेकला की अंगठा सुरू. बिडी वळल्यासारखा, तर्जनीवर घासत.

"भाई, हे काय?"

"थकला असंल," ते म्हणाले आणि हात मांडीखाली घेतला.

डॉक्टरकडे जायला त्यांनी आठ महिने लावले. तोवर चिमट्यातून एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा स्क्रू तीन वेळा निसटला आणि चौथ्यांदा कुठं गेला ते सापडलंच नाही. ते घड्याळ त्यांनी तसंच परत केलं आणि त्याच आठवड्यात दुकानाची चावी कपडेवाल्याला देऊन आले. डॉक्टर म्हणाले, कंपवात. गोळीनं काही तास बरं वाटेल, रोग थांबणार नाही.

घरी बसल्यावर त्यांच्याकडे माश्यांशिवाय काही राहिलं नाही. सकाळची गोळी घेतल्यावर तासाभरानं हात जरा शांत व्हायचा. त्या वेळात ते आठवडाभर बांधत आणि गुरुवारी चार-पाच माश्या डबीत घालून माझ्याकडे देत. रॉड माझ्याकडे असायचा, म्हणून माश्यांची पेटीही माझ्याकडे.

पहिले काही महिने माश्या ठीक होत्या. मग सैल व्हायला लागल्या. वेढे एकमेकांवर चढलेले, पीस एका बाजूला कललेलं, गाठ अर्धवट. तलावावर मी पहिल्यांदा रॉड फिरवला की पिसं हवेतच सुटायची. ते बंधाऱ्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले असायचे. तेवढ्या लांबून त्यांना दिसायचं नाही.

"कशी गेली?"

"मस्त गेली, भाई."

हे पहिलं खोटं. दुसरं घरी, माझ्या टेबलावर झालं. त्यांच्या माश्या समोर पसरल्या होत्या. त्यातली एक मी शेगड्यात लावली, नुसती गाठ पक्की करावी म्हणून. गाठ सोडली तर सगळंच सुटलं. मग तेच पीस, तेच केस, तीच तार घेऊन त्याच गळावर मी ती नव्यानं बांधली. छान झाली. त्यांच्यासारखी झाली, कंबरेसकट.

मग दर आठवड्याला तेच. गुरुवारी डबी आणायची, शुक्रवारी-शनिवारी सगळ्या उकलून बांधायच्या, पेटीत लावून ठेवायच्या. महिन्यातून एकदा रिक्षा करून तलावावर गेलो की ते पेटी उघडायला सांगत. मी ती त्यांच्यासमोर धरायचो. ते रांगेकडे पाहायचे आणि म्हणायचे, "गोळी काम करून राहिली, मास्तर."

मी हो म्हणायचो.

हे मी त्यांच्यासाठी करत होतो, असं मी माझ्या बायकोला सांगितलं, स्वतःलाही. पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. मला त्यात गोडी लागली होती. त्यांच्या माश्या आता मी त्यांच्याहून चांगल्या बांधत होतो, आणि ते त्या पाहून खूश होत होते. पोत्यासारख्या माश्या बांधणाऱ्या मास्तराला ती शाबासकी हवी होती. ती दुसऱ्याच्या नावानं मिळाली तरी चालत होती.

वर्षभर हे चाललं.

त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत होता आणि तलाव काठापर्यंत भरला होता. बेशरमाच्या झुडपांजवळ मी बोकडाच्या केसांची माशी टाकली. बेडकासारखी दिसावी म्हणून त्यांनी ती हिरवट रंगवली होती. दोन वेळा ओढली. तिसऱ्यांदा पाणी आतून फुगल्यासारखं वर आलं आणि रॉड वाकला. मरळ होती. मी तसाच मागे मागे सरकत बंधाऱ्यावर चढलो आणि रॉड त्यांच्या हातात दिला.

"धरा भाई, सोडू नका!"

त्यांनी दोन्ही हातांनी धरला. हात हलत होते, रॉड हलत होता, पण ती थरथर त्यांची की माशाची हे त्या वेळी कुणालाच कळलं नसतं. ते खुर्चीतून उठले. बऱ्याच महिन्यांत ते असे आधाराशिवाय उठले नव्हते. मी खाली उतरून मरळ काठाला ओढली. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब भरली.

ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "मी बांधली ना ती? मीच ना?"

"तुमीच."

ती एकच आम्ही सोडली नाही. भाभींनी तिचं कालवण केलं, शेजारच्या तीन घरी वाट्या गेल्या. माशी भाईंनी स्वतःकडे ठेवून घेतली. पेटीत परत लावू दिली नाही.

पुढच्या दोन गुरुवारी मला जमलं नाही, बायकोच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तिसऱ्या गुरुवारी गेलो. दार भाभींनी उघडलं आणि त्या लगेच आत वळल्या. आत टेबलावर पांढरा कागद पसरलेला होता. त्यावर बायकांचं एक छोटं चावीचं घड्याळ उघडून ठेवलेलं. ते मला माहीत होतं. निकाहाच्या वेळी भाईंनी भाभींना दिलेलं, दर दोन वर्षांनी स्वतः साफ केलेलं, तेव्हापासून चालत आलेलं.

त्याची बालकमानी बाहेर होती. चकलीसारखी गुंडाळलेली ती इवलीशी स्प्रिंग असते, तिच्यावर सगळं घड्याळ चालतं. ती ओढली जाऊन लांब झाली होती आणि मधोमध मोडली होती. बाजूला दोन बारीक चाकं वाकलेली.

"भाई, हे कोणं उघडलं?"

"मी." गोळीचा असर उतरत आला होता, आवाज बारीक झाला होता. "साफ करायचं राहिलं होतं. हिनं नको म्हटलं. मी म्हटलं, अशी माशी बांधता येते, तं घड्याळ कावून नाई? हात बसला हाय आता."

मी खाली बसलो.

"कमानी उचलली आन् हात असा गेला." त्यांनी दाखवायचा प्रयत्न केला. दाखवण्याची गरज नव्हती, हात तसाच जात होता. "मंग मी बसून विचार करत राहिलो. या हातानं कमानी उचलत नाई. मंग ते माशी कशी बांधली यानं?"

घड्याळाच्या काचेखाली ठेवलेली मरळीची माशी त्यांनी माझ्याकडे सरकवली. आयग्लासही सरकवला.

"पाहा."

"भाई..."

"पाहा तं खरं. दोरा कोनत्या बाजूनं फिरला?"

मला बघायची गरज नव्हती. त्यांनी म्हटलं आणि माझ्या लक्षात आलं. ते डाव्या हाताचे. त्यांच्या शेगड्याचं तोंड माझ्या उलट बाजूला असतं आणि दोरा माझ्या उलट फिरतो. पीस, केस, तार, कंबर, मी सगळं त्यांच्यासारखं केलं होतं. फिरवला मात्र माझ्या हातानं, माझ्या बाजूनं.

"किती दिवसापासून?"

खोटं सांगता आलं असतं. ही एकच, असं म्हणता आलं असतं.

"वर्ष झालं."

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्यांनी आयग्लास आपल्याकडे ओढून घेतला. रागावतील, ओरडतील म्हणून मी थांबलो होतो. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मास्तर, आधी सांगतलं असतं ना, खराब होऊन राहिल्या म्हून... तं मी खराबच बांधल्या असत्या. पण बांधल्या असत्या मी. आता तं वर्षभर मी काहीच नाई बांधलं."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, त्यात राग नव्हता, ऐकल्याची खूण होती फक्त. मी पुन्हा म्हटलं की तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं. ते म्हणाले, "मालूम हाय." मग भाभींना चहा ठेवायला सांगितलं. चहा आला. आम्ही प्यायलो. त्यांचा कप भाभींनी धरला. निघताना त्यांनी स्वतःचा शेगडा कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकला. मी तो काढून परत टेबलावर ठेवला. त्यांनी तो पुन्हा उचलायचा प्रयत्न केला, दोनदा, आणि तो खाली पडला तेव्हा मी उचलून पिशवीत घातला.

दारात मी भाभींकडे घड्याळ मागितलं. अमरावतीत दुरुस्त करून आणतो म्हटलं. अमरावतीत दोघा घड्याळजींनी उघडून पाहिलं आणि परत दिलं, असली कमानी आता येत नाही म्हणाले. एकानं नागपूरचा पत्ता दिला. नागपूरला गेलो. तिथं त्या जागी फोनची कव्हरं विकत होते. महिन्यानं मी घड्याळ तसंच भाभींना नेऊन दिलं.

"घड्याळ जाऊ द्या, भाईजान," त्या म्हणाल्या. "हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसून राह्यतात, त्याचं काय करू?"

मी एकदा म्हटलं, आपण दोघं मिळून बांधू, मी दोरा ताणून धरतो, तुम्ही फिरवा. ते म्हणाले, "नको." दुसऱ्यांदा विचारलं तर तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर मी विचारलं नाही. माझंही बांधणं थांबलं. एकदा मुद्दाम बसलो, गळ लावला, दोरा घेतला. अर्धी माशी झाली. तिच्याकडे पाहून मला समजेना की ही माझी आहे की त्यांची नक्कल. ती तशीच काढून टाकली.

आता त्यांना गोळीचा फारसा उपयोग होत नाही. चेहरा हलत नाही, डोळे तेवढे फिरतात. बोलणं तोंडातल्या तोंडात राहतं. मी अजून गुरुवारी जातो, प्रत्येक गुरुवारी नाही, पण जातो. कोणत्या गाडीनं आलो, मूर्तिजापूरला किती थांबली, मोर्शीकडे संत्र्याला बहार कसा आहे, असलं काहीतरी सांगतो. त्यांना संत्र्यात कधीच रस नव्हता.

गेल्या महिन्यात मी बोलत असताना त्यांनी माझं मनगट धरलं. काहीतरी म्हणाले. चार-पाच शब्द असावेत. मी वाकून कान जवळ नेला. त्यांनी पुन्हा म्हटलं. "मास्तर" एवढंच कळलं.

"नाही समजलं, भाई. पुन्हा सांगा."

त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं, जोर लावून, कपाळाची शीर दिसली. भाभी स्वयंपाकघरातून आल्या, त्यांनीही ऐकलं, त्यांनाही अर्थ लागेना. पाणी पाहिजे का, औषध का, खिडकी लावू का, असं आम्ही विचारत गेलो. ते प्रत्येकाला डोळ्यांनी नाही म्हणत होते.

"भाई, मला खरंच समजलं नाही," मी म्हटलं.

त्यांनी मनगट सोडलं आणि डोळे मिटले. मी अर्धा तास आणखी बसलो, ते पुन्हा काही म्हणतील म्हणून. मग माझ्या गाडीची वेळ झाली. त्यानंतर तीनदा जाऊन आलो. तिन्ही वेळा मी विचारलं, त्या दिवशी काय म्हणत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यावरून मला हेही कळलं नाही की त्यांना ते आठवतं की नाही.